शुगर, प्रेशर आणि पिंपातलं पाणी

बार्बाडोस या कॅरिबियन बेटावरच्या घराघरांत 'मधुमेह' आणि 'उच्च रक्तदाब' हे जड शब्द क्वचितच ऐकू येतात. 'तिला शुगर आहे', 'त्याला प्रेशर आहे' असं लोक साधेपणाने सांगतात. आपल्याकडे लग्नात जेवायला बसलेल्या मावशी-काका बोलतात, तसंच. 29 जून 2024 रोजी भारताने टी-20 विश्वचषक जिंकला ते केन्सिंग्टन ओव्हल मैदान याच बेटावरच्या ब्रिजटाउन शहरात आहे. बेटाचं क्षेत्रफळ जेमतेम 430 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षाही कमी. वस्ती तीन लाखांच्या आत. इतक्या लहान जागेत 25 वर्षांवरच्या साधारण पाच माणसांमागे एकाला मधुमेह आणि दोघांना उच्च रक्तदाब असल्याचं तिथल्या आरोग्य पाहणीत दिसून आलं.

हे आजार तिथे इतके का रुजले, शरीरात ते काय करतात आणि त्यांना आधीच कसं अडवता येतं, हे एकेक करून पाहू.

रक्तात नाही, ताटात

1640 च्या दशकात या बेटावर ऊस आला आणि चांगली जमीन उसाखाली गेली. मळ्यांवर राबवलेल्या आफ्रिकी गुलामांच्या पोटासाठी उत्तर अटलांटिकमधला खारवलेला मासा जहाजांनी येऊ लागला. गुलामगिरी संपली, पण बाहेरून येणाऱ्या अन्नावरची भिस्त संपली नाही. आजही खाण्याचा मोठा हिस्सा बंदरावर उतरतो, आणि बंदरावर टिकतं ते बहुधा मीठ, साखर, मैदा आणि तेल यांचं असतं. तिथलं राष्ट्रीय जेवण तसं चांगलं आहे. मक्याच्या पिठात भेंडी घालून पिठल्यासारखं घोटून केलेलं कूकू आणि सोबत पंखमासा. पण रोजच्या ताटात आता मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), तळलेलं चिकन आणि गोड पेयाची बाटली ठाण मांडून बसली आहे.

'आमच्या रक्तातच आहे हे' असं म्हणून हात टेकणारे तिथेही भेटतात. त्यांच्यासाठी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास फार मोलाचा आहे. पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटं आणि अमेरिका इथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा रक्तदाब एकाच पद्धतीने मोजला गेला. बेटांमध्ये बार्बाडोसही होतं. उच्च रक्तदाबाचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत 16 टक्के, कॅरिबियनमध्ये 26 टक्के आणि अमेरिकेत 33 टक्के निघालं. मूळ एकच, पण वजन, मीठ आणि राहणी बदलत गेली तसा आकडा चढत गेला. जे राहणीमुळे चढतं, ते राहणी बदलून उतरवताही येतं.

प्रेशर: न दुखणारा आजार

जास्तीचं मीठ रक्तात पाणी धरून ठेवतं. रक्तवाहिन्यांच्या त्याच नळ्यांतून जास्त द्रव वाहू लागला की नळ्यांच्या भिंतींवरचा दाब वाढतो. वर्षानुवर्षं हा मार सोसून धमन्या ताठर होतात. हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, मूत्रपिंडातल्या बारीक केशवाहिन्या खराब होतात, आणि एखाद्या दिवशी मेंदूतली वाहिनी फुटते किंवा तुंबते. या सगळ्या काळात बहुतेकांना काहीच जाणवत नसतं. ना डोकं दुखत, ना छाती.

म्हणून दाब मोजण्यावाचून इलाज नाही, आणि तो नीट मोजायला हवा. आधी अर्धा तास चहा-कॉफी आणि विडी-सिगारेट नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसावं. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि मोजताना बोलू नये. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा 140/90 किंवा त्याहून वर आकडा येत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. त्यात पाव, सूप आणि खारवलेल्या मांसातलं लपलेलं मीठही मोजायचं.

बार्बाडोसने 1980 पासून औषध सेवा चालवली आहे. तिच्यातून रक्तदाब आणि मधुमेहाची ठरावीक औषधं नागरिकांना मोफत मिळतात. तरीही गोळी चुकते, कारण त्रास होत नसताना माणूस गोळी विसरतो.

शुगर आणि तळपाय

मधुमेहाची सर्वांत जड किंमत या बेटाने पायांनी मोजली आहे. मधुमेहामुळे पाय किंवा बोट कापावं लागण्याचं तिथलं प्रमाण जगातल्या मोठ्या आकड्यांमध्ये गणलं गेलं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या कारणांमध्ये मज्जातंतूंची हानी आणि रक्तातली चढी साखर यांच्या जोडीला एक अगदी साधी गोष्ट दिसली: चुकीची पादत्राणं.

हे कसं घडतं? रक्तात साखर जास्त राहिली की सर्वांत लांबचे मज्जातंतू आधी मरगळतात, आणि सर्वांत लांबचे म्हणजे पायांच्या बोटांचे. तळपायाला आधी मुंग्या येतात, मग जळजळ होते आणि शेवटी काहीच जाणवत नाही. त्याच वेळी पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असतात. समजा, एखाद्या बाईंच्या रविवारी चर्चला घालायच्या अरुंद बुटात वाटाण्याएवढा खडा गेला. तुमच्या-माझ्या पायाला तो दोन पावलांत सांगेल, 'थांब, बूट काढ.' त्यांच्या पायाला तो काहीच सांगत नाही. त्या दिवसभर त्याच्यावर चालतात. रात्री मोज्यावर डाग दिसतो, पण दुखत नाही म्हणून त्या झोपतात. जखमेला रक्त कमी पोचतं, साखरेमुळे जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावलेल्या असतात, आणि जखम आतल्या आत हाडापर्यंत जाते. वास यायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

दवाखान्यात यासाठी एक सोपी चाचणी असते. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा जाड धागा तळपायाच्या ठरावीक जागी टेकवतात. डोळे मिटून तो लागला की नाही ते सांगायचं. वर्षातून एकदा ही चाचणी झालीच पाहिजे. घरात रोज रात्री तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. पाय कोमट पाण्याने धुवावेत, पण पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने पाहावं. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. नखं सरळ कापावीत. भोवरी ब्लेडने खरवडू नये. बूट घालण्याआधी आत हात फिरवावा. तापलेल्या वाळूवर आणि अंगणातही अनवाणी जाऊ नये. पायाला छोटी जखम दिसली, तरी त्याच दिवशी दाखवावी.

आजार झाला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. बार्बाडोसमध्येच 25 मधुमेही आठ आठवडे देखरेखीखाली अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर राहिले. त्यांची वजनं उतरली, आणि अनेकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. हा प्रयोग मात्र स्वतःच्या मनाने कुणी करू नये. औषधं चालू असताना आहार एकदम तोडला, तर साखर धोकादायक खाली जाते.

काचबिंदू: कडेकडेने जाणारी नजर

प्रेशरसारखाच न दुखणारा आणखी एक आजार डोळ्यांचा आहे. या बेटावर मोठा नेत्र-अभ्यास झाला. त्यात 40 ते 84 वयाच्या कृष्णवर्णीय लोकांपैकी 7 टक्के जणांना काचबिंदू सापडला. डोळ्यातला द्रव पाझरण्याची वाट तुंबते, दाब वाढतो आणि दृष्टीचा मज्जातंतू झिजतो. आधी कडेचं दिसेनासं होतं, म्हणून वाचताना काहीच कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण औषधाचे थेंब वेळेवर सुरू झाले तर उरलेली टिकते. चाळिशीनंतर, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच, डोळे नियमित तपासून घ्यावेत.

पिंपाच्या कडेला चिकटलेली अंडी

या आजारांच्या जोडीला डासांमुळे पसरणारे आजारही आहेत. डिसेंबर 2013 मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर चिकुनगुनियाचा स्थानिक फैलाव दिसला. अमेरिका खंडांतली ही पहिलीच नोंद होती. वर्षभरात तो बेटाबेटांवर पसरला. मागोमाग झिका विषाणू आला. गर्भारपणात त्याची लागण झाली तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. डेंग्यू तर कित्येक वर्षांचा तिथलाच. तिन्हींचा वाहक एकच, दिवसा चावणारा एडिस इजिप्ती डास.

बार्बाडोसमध्ये गोड्या पाण्याची टंचाई आहे, म्हणून घरोघरी पिंपं आणि बादल्या भरलेल्या असतात. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर. पाणी ओतून दिलं तरी अंडी भिंतीला चिकटून राहतात आणि कोरडी पडूनही काही महिने तग धरतात. पिंप पुन्हा भरलं की ती फुटतात, आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून नुसतं पाणी ओतणं पुरत नाही. आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने घासायला हवी, आणि वर घट्ट झाकण हवं. आपल्याकडे आठवड्याचा 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात, त्यामागचा हिशेब हाच आहे. अंड्याचा डास होण्याआधी आपला वार यायला हवा.

डेंग्यूचा संशय असेल तर तापावर पॅरासिटामॉल घ्यावं. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावं, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच रुग्णालय गाठावं. धोक्याचा काळ तोच असतो.

सरकारच्या हातात काय

सप्टेंबर 2007 मध्ये कॅरिबियन देशांचे प्रमुख त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनला फक्त मधुमेह-रक्तदाबासारख्या दीर्घ आजारांसाठी एकत्र बसले. बार्बाडोसचेच डॉक्टर सर जॉर्ज ॲलेन यांनी त्यासाठी खूप आग्रह धरला होता. तेव्हापासून सप्टेंबरचा दुसरा शनिवार आरोग्यदिन म्हणून पाळला जातो. बार्बाडोसने 2015 मध्ये गोड पेयांवर 10 टक्के कर बसवला आणि 2022 मध्ये तो 20 टक्के केला. स्वस्त साखरेपुढे एकट्या माणसाचा निर्धार किती टिकणार? असे निर्णय त्या निर्धाराला आधार देतात.

चढलेला दाब दुखत नाही. बधिर तळपाय दुखत नाही. कडेने सरणारी नजर दुखत नाही, आणि पिंपाच्या भिंतीवरची अंडी डोळ्यांत भरत नाहीत. शरीर हाक मारणार नसेल, तर ती हाक वाराने, तारखेने मारायला हवी. पिंप घासायचा वार, दाब मोजायची तारीख, डोळे आणि पाय तपासायचा महिना, आणि रोज रात्री दिवा मालवण्याआधी तळपायाखाली धरलेला आरसा. ब्रिजटाउनच्या घरात जे पाय वाचवतं, ते आपल्या घरातल्या शुगर असलेल्या आजीचेही वाचवेल. आज रात्री तिचे पाय एकदा उजेडात पाहा.