विहिरीत टीसीएल पावडर किती टाकायची? अंदाज नको, हिशेब करा



निंदणाचे दिवस आहेत. वावरातल्या विहिरीचं पाणी आपण पितो, मजूर बायाही पितात. पावसात वरचं गढूळ पाणी विहिरीत उतरतं. जुलै २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे विहिरीच्या दूषित पाण्यामुळे कॉलरा पसरला आणि माणसं दगावली. म्हणून पिण्याच्या विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकाच, पण मोजून.

*१) पाणी मोजा*
दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा. दोरीचा जेवढा भाग ओला, तेवढी पाण्याची खोली. मग विहिरीची आतली रुंदी (व्यास) मोजा. सगळं फुटात.

*व्यास × व्यास × पाण्याची खोली × २२ = लिटर (गोल विहिरीसाठी)*

उदा. व्यास १० फूट, पाणी १५ फूट:
१० × १० × १५ × २२ = ३३,००० लिटर

*२) पावडर काढा*
ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. ती *१००० लिटरला २.५ ग्रॅम* लागते.
३३ × २.५ = ८२.५ ग्रॅम

आता पाऊस झाला आणि पाणी २५ फुटांवर आलं, तर तेच ५५,००० लिटर होतं. पावडर लागते १३७.५ ग्रॅम. उन्हाळ्याचंच माप टाकलं तर औषध कमी पडतं. म्हणून पाणी वाढलं की पुन्हा मोजा.

*३) पावडर जुनी आहे का?*
उघडी राहिलेली, ओल लागलेली पावडर कमजोर होते. क्लोरीन २५ टक्केच उरला असेल तर:
८२.५ × ३३ ÷ २५ = सुमारे १०९ ग्रॅम
२० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नका. पावडरीची ताकद ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा.

*४) टाकायची कशी?*
• पावडर थेट विहिरीत फेकू नका.
• प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवा, मग पाऊण बादली पाणी भरून ढवळा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको.
• १० मिनिटं थांबा. चुना खाली बसतो. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्या. चुना विहिरीत टाकू नका.
• निवळीची बादली दोरीने पाण्यात बुडवून खाली-वर हलवा.
• किमान १ तास पाणी काढू नका. संध्याकाळी टाकून सकाळी पाणी भरणं सगळ्यात सोयीचं.

*५) तपासा*
एक तासानंतर जलसुरक्षकाकडून ओटी तपासणी करून घ्या. नमुना पिवळसर झाला तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर पाण्यातल्या घाणीने तो खाल्ला, पुन्हा मात्रा द्या. तपासलेला नमुना पिऊ नका, फेकून द्या.

*२०० लिटरच्या ड्रमसाठी*
अर्धा ग्रॅम मोजता येत नाही. १० ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात कालवा, निवळू द्या. त्यातली ५० मिली निवळ ड्रममध्ये टाका, ढवळा, अर्धा-एक तास झाकून ठेवा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्या.

*सावधान!*
⚠️ फवारणीची बादली, माप किंवा टोपण वापरू नका.
⚠️ टीसीएल युरिया, कीटकनाशक किंवा ॲसिडजवळ ठेवू नका, त्यात मिसळू तर नकाच. विषारी वायू तयार होतो, आगही लागू शकते.
⚠️ पावडर हाताळताना नाक-तोंडाला रुमाल आणि हातात मोजे घाला.

आणखी एक, आपला भाग खारपाणपट्ट्याचा. टीसीएल जंतू मारते, पाण्यातला खार काढत नाही. खारं पाणी टीसीएल टाकून गोडं होत नाही, त्यासाठी गावाच्या नळाचंच पाणी वावरात न्या.

हा मेसेज जपून ठेवा, आणि ज्यांच्या वावरात विहीर आहे त्यांना पाठवा. 🙏