घरच्या बागेंतील डेलिया

श्रोतेहो, आपल्याकडे फुलाची पहिली ओळख नाकाला होते आणि मग डोळ्यांना. अंगणांत मोगरा असतो तो संध्याकाळच्या वासासाठीं, कुंपणाशीं जाई-जुई असतात त्या गजऱ्यासाठीं, आणि परसांत पारिजातक असतो तो पहाटेच्या सड्यासाठीं. ही आपली परंपरा चांगली आहे व ती मोडावी असें मला मुळींच वाटत नाहीं. परंतु आज ज्या फुलाविषयीं मी चार शब्द बोलणार आहें, त्याला वास जवळजवळ नाहींच. त्याचा गजरा होत नाहीं, वेणींत तें मावत नाहीं, आणि परदेशाहून आलेलें असल्यामुळें अमक्या देवाला तें प्रिय आहे असें कोणत्याहि जुन्या पोथींत लिहिलेलें असणें शक्य नाहीं. तें फूल म्हणजे डेलिया.

मीं पहिल्यानें डेलियाचे कंद घरीं आणले तेव्हां माझी आई पडवींत तांदूळ निवडीत बसली होती. पिशवींत डोकावून तिनें विचारलें, "रताळीं आणलींस वाटतें?"

"नाहीं आई, फुलझाडाचे कंद आहेत ते."

"फुलाला वास आहे का?"

"वास नाहीं."

"मग देवाला चालतें?"

मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं. तिनें पुन्हां सुपाकडे मान वळविली आणि म्हणाली, "अरे, वास नाहीं, देवाला नाहीं, डोक्यांत माळायला नाहीं; मग एवढी जागा अडवायची ती कशासाठीं?"

हा प्रश्न रास्त होता. आजचें माझें भाषण म्हणजे त्या प्रश्नाला बऱ्याच उशीरानें सुचलेलें उत्तर आहे.

प्रथम या पाहुण्याचें कुळ पाहूं. डेलियाची मायभूमि मेक्सिको व मध्य अमेरिकेंतील डोंगराळ प्रदेश ही होय. तेथील अझ्टेक लोकांना ही वनस्पति स्पॅनिश लोक येण्यापूर्वींपासून ठाऊक होती. स्पेनचा राजा दुसरा फिलिप यानें आपला वैद्य फ्रान्सिस्को हर्नांदेझ यास १५७० सालीं तिकडील वनस्पतींची माहिती गोळा करण्यास धाडलें. त्याच्या संग्रहांत डेलियाचें वर्णन आढळतें. पुढें १७८९ च्या सुमारास मेक्सिको शहरांतील वनस्पति-उद्यानांतून त्याचें बीं माद्रिदला पोंचलें. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिलेस यानें १७९१ सालीं या प्रजातीला आंद्रेआस दाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचें नांव दिलें. दाल हा विख्यात लिनीअसचा शिष्य. तो १७८९ सालींच वारला असल्यामुळें आपल्या नांवाचा हा गौरव ऐकण्यास तो उरला नव्हता. कांहीं काळ जर्मनींत या फुलाला दुसऱ्या एका पंडिताच्या नांवावरून 'जॉर्जिना' म्हणत. रशियन भाषेंत तें नांव आजतागायत टिकून आहे. मेक्सिकोनें मात्र १९६३ सालीं या आपल्या लेकराला राष्ट्रीय फुलाचा मान दिला.

हा इतिहास मीं केवळ करमणुकीसाठीं सांगितला नाहीं. झाडाची मायभूमि कळली म्हणजे त्याची प्रकृति कळते, आणि ती न कळल्यामुळेंच माझें पहिलें वर्ष फुकट गेलें. मेक्सिकोच्या पठारावर उन्हाळ्यांत पाऊस पडतो. त्या पावसाबरोबर डेलिया फुटतो, पाऊस सरतां सरतां फुलतो, आणि पुढचा कोरडा हिवाळा जमिनीखालीं कंदाच्या आधारानें निजून काढतो. हें वाचून मी मनांत म्हटलें, आपल्याकडेहि पाऊस जूनमध्येंच येतो. तेव्हां मृगाचा पाऊस पडतांच कंद लावावेत. तसे लावले. परंतु तिकडची जमीन उताराची व निचऱ्याची, हवा थंड. माझी जमीन पुण्याची काळी, चिकट, पाणी धरून बसणारी. आषाढ संपण्यापूर्वीं निम्मे कंद कुजून त्यांचा लगदा झाला. उरलेल्या कंदांपैकीं कांहीं दिसायला धडधाकट होते, पण त्यांना अंकुर म्हणून फुटेना. दोन महिने मी रोज त्या मातीकडे पाहत होतों.

त्याचें कारण मला मागाहून समजलें. बटाटा हें खोडाचें रूपांतर आहे, म्हणून त्याच्या अंगभर डोळे असतात. कापून लावला तरी जेथें डोळा असेल तेथून तो फुटतो. डेलियाचा कंद ही फुगलेली मुळी आहे. तिच्या अंगावर डोळा नसतो. डोळे असतात ते, जेथें सर्व कंद जुन्या खोडाला जोडलेले असतात, त्या गळ्यापाशीं. घड सोडवितांना कंदाबरोबर त्या गळ्याचा डोळ्यासकट तुकडा आला नाहीं, किंवा कंदाची मान मोडली, तर तो कितीहि गुबगुबीत असो, लावून उपयोग नाहीं. म्हणून कंद विकत घेतांना त्याचा आकार पाहूं नका, गळा पाहा.

आतां आमच्याकडे अनुभवानें ठरलेली रीत सांगतों. ही पुण्याच्या हवेला धरून आहे. कोंकणांत किंवा वऱ्हाडांत ती थोडी पुढेंमागें करावी लागेल. भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरांत, कंद ओलसर वाळूंत पावसाच्या आडोशाला मांडून ठेवावेत. गळ्यापाशीं कोंब दिसूं लागले म्हणजे एक एक डोळा राखून कंद सोडवावेत. कोंब ३-४ इंचांचे झाले कीं त्यांचीं छाटकलमेंहि करतां येतात. वाळूंत खोंचून सावलींत ठेवलीं तर दोन-तीन आठवड्यांत त्यांना मुळ्या फुटतात. एका कंदापासून अशीं चार-सहा रोपें सहज मिळतात, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना देण्यास हीच उत्तम भेट होय.

ऑक्टोबरांत पाऊस पुरता ओसरल्यावर रोपें कायम जागीं लावावीं. जागा अशी निवडावी कीं निदान सहा तास ऊन मिळेल. काळ्या जमिनींत वाळू, पालापाचोळ्याचें खत आणि चांगलें कुजलेलें शेणखत मिसळून वाफा थोडा उंच करावा. ज्यांना अंगण नाहीं त्यांनीं गच्चीवर १२ इंची कुंडी घ्यावी. तळाशीं भोंक मोकळें असलें म्हणजे झालें. काठी मात्र रोप लावतांनाच रोंवावी. मागाहून रोंवूं म्हणाल तर ती नेमकी कंदांतून आरपार जाते. कंद थेट लावला असेल तर कोंब वर येईपर्यंत पाणी बेताचें. पानांचा पसारा झाला म्हणजे भरपूर. नत्राचें खत हात राखून द्यावें, नाहीं तर पानांचें रान माजतें आणि फूल रुसतें. चुलींतील लांकडाची राख मिळाली तर तिचा एखादा मूठभर हात द्यावा; तींत पालाश असतें. पानांच्या पाठीमागें मावा व लाल कोळी दिसतात का, तें दर दोन-तीन दिवसांनीं पाहावें. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारासुद्धां पुरतो. एखादें झाड खुरटून त्याच्या पानांवर पिवळसर चट्टे-पट्टे उमटले तर तो बहुधा विषाणूचा रोग असतो. त्याला औषध नाहीं. असें झाड जीव घट्ट करून कंदासकट उपटावें, कारण मावा तो रोग शेजारच्या झाडांवर नेतो.

येथवरचें काम कोणाहि माळ्याला सांगतां येईल. पुढची दोन कामें मात्र ज्याचीं त्यानेंच करावीं. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या म्हणजे त्याचा शेंडा खुडावयाचा. नुकतें कोठें तरारलेलें रोप, आणि त्याचाच शेंडा मोडावयाचा! पहिल्या वर्षीं माझा हात धजला नाहीं. झाड उंच काठीसारखें वाढलें, त्याला एकच फूल आलें आणि वाऱ्यानें तें मोडलें. शेंडा खुडला म्हणजे बगलांतून फांद्या फुटतात व झाड भरतें. दुसरें काम कळ्यांचें. डेलियाला बहुधा कळ्या तीन-तीनच्या जुडग्यानें येतात. मोठें फूल पाहिजे असेल तर मधली कळी राखून बाजूच्या दोन, त्या वाटाण्याएवढ्या असतांनाच, काढाव्या लागतात. दोन फुलांवर पाणी सोडल्यावांचून तिसरें मनासारखें येत नाहीं. तिन्ही ठेवलीं तरी झाड मरत नाहीं. फुलें लहान येतात इतकेंच. ही निवड दर आठवड्याला आपल्यापुढें येते आणि ती आपली आपणच करावयाची असते. लोभाला आवर घालण्याचा इतका रोकडा अभ्यास मला दुसरीकडे कोठें मिळाला नाहीं.

डिसेंबर उजाडला म्हणजे या कष्टांचें फळ दिसूं लागतें. ज्याला आपण डेलियाचें एक फूल म्हणतों, तें वास्तविक सूर्यफूल किंवा शेवंतीप्रमाणें शेंकडों लहान फुलांचें संमेलन असतें. प्रत्येक पाकळी हें स्वतंत्र फूल आहे. मूळच्या रानटी जातींत पाकळ्यांचा एकच वळसा असे आणि मध्यें पिवळा गाभा. आज २ इंचांच्या गोल गोंड्यापासून १० इंचांहून मोठ्या, जेवणाच्या ताटाशीं बरोबरी करणाऱ्या फुलापर्यंत सर्व प्रकार आहेत. कांहींच्या पाकळ्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या रेखीव, कांहींच्या निवडुंगाच्या काट्यांप्रमाणें वळलेल्या. या दुसऱ्या प्रकाराची कथा अशी सांगतात कीं, १८७२ सालीं मेक्सिकोहून हॉलंडला कंदांची एक पेटी गेली. वाटेंत सारे कंद सडले, एकच वांचला, आणि त्यालाच हीं तांबडीं, टोकदार पाकळ्यांचीं फुलें आलीं.

एवढी विविधता कशामुळें? बहुतेक प्राण्यांत व पुष्कळ वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेंतील डेलियांत आठ संच, म्हणजे एकूण ६४ गुणसूत्रें असतात. त्यामुळें बियांपासून झाड केलें तर तें आईसारखें निपजेल असा भरंवसा नाहीं. प्रत्येक बीं म्हणजे एक नवी सोडत आहे. आवडलेलें फूल तसेंच राखावयाचें असेल तर कंद किंवा छाटकलम हाच मार्ग. पांढरा, पिवळा, नारिंगी, गुलाबी, जांभळा, जवळजवळ काळा भासणारा तांबडा, असे सर्व रंग या फुलांत उतरले आहेत. निळा तेवढा नाहीं. निळ्या रंगाला लागणारें द्रव्य या झाडांत निसर्गतः तयार होत नाहीं. जपानांत संशोधकांनीं दुसऱ्या वनस्पतीचा गुणधर्म त्यांत घालून निळसर फूल काढलें आहे, परंतु साध्या संकरानें तें कोणाला साधलेलें नाहीं.

पुण्याच्या एंप्रेस बागेंत जानेवारींत फुलांचें प्रदर्शन भरतें. तेथें आपलें फूल ठेवण्याइतका मी कुशल नाहीं. परंतु तेथें एकदां जाऊन आलें म्हणजे आपल्या बागेंत काय उणें आहे हें समजतें.

मार्चमध्यें ऊन तापूं लागलें म्हणजे पानें पिवळीं पडतात. तेव्हां पाणी हळूहळू तोडावें, खोड वीतभर राखून कापावें आणि कंदांचा घड अलगद उकरून सावलींत वाळवावा. मग कोरड्या वाळूंत, हवेशीर जागीं, नांवाची चिठ्ठी बांधून ठेवावा. पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां उघडून पाहावें. एक कुजला तर तो सबंध घड नासवतो. हा पांच-सहा महिन्यांचा काळ बागेंत कांहींच दिसत नाहीं. तरी माळ्यावरच्या त्या खोक्यांत पुढचा हिवाळा निजलेला आहे ही जाणीव मनाला उगाच बरें वाटायला लावते.

आतां आईच्या प्रश्नाकडे वळतों. पुढें कांहीं वर्षांनीं तिची दृष्टि मंदावली. मोगरा कोठें फुलला आहे हें ती वासावरून सांगे, पण तो तिला दिसत नसे. एका सकाळीं मीं पिवळ्या डेलियाचें पहिलें मोठें फूल कापून आणलें. डेलियाची कळी कापल्यावर पाण्यांत सहसा उमलत नाहीं. म्हणून पुरतें उमललेलें फूल, ऊन चढण्यापूर्वीं कापावें लागतें. फूल घेऊन मी तिच्यासमोरून गेलों, तशी ती म्हणाली, "हें काय रे पिवळें पिवळें नेतोस?" मीं तें तिच्या हातांत दिलें. एकेक पाकळी चाचपीत ती बराच वेळ तें डोळ्यांजवळ धरून बसली. मग उठली आणि भिंतीच्या आधारानें देवघरांत गेली. पोथींत लिहिलें आहे कीं नाहीं, हें तिनें मला विचारलें नाहीं. मीहि बोललों नाहीं.

तेव्हांपासून आमच्या घरीं दर हंगामांतलें पहिलें फूल देवघरांत जातें. श्रोतेहो, आपल्या अंगणांत मोगरा असेलच. तो असूं द्यावा. त्याच्या पलीकडे, जेथें ऊन पडतें तेथें, यंदा दोन हात जागा डेलियासाठीं ठेवून पाहा. कंद घेतांना तेवढा गळा पाहण्यास विसरूं नका.