पेढीवरील संगणक आणि ऑफिस प्रणालीची बसवणूक

हळ्ळीखेड (बी) हे गाव बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यात मोडते. घरी मराठी, सरकारदरबारी कानडी आणि करविवरणपत्रे इंग्रजीत, अशी आपल्या व्यापाऱ्यांची भाषिक रीत १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर पडली. तत्पूर्वी निजामाच्या अमदानीत दप्तराची भाषा उर्दू होती. आज चोपड्यांची जागा संगणकाने घेतली असली तरी तीन भाषांचा हा संसार त्याच्यावरही चालूच आहे. म्हणूनच पेढीवरील संगणकांत ऑफिस प्रणाली कशी बसवावी, हा प्रश्न केवळ कारागिराचा नसून पेढीच्या मालकाचाही आहे, असे आम्हांस वाटते.

सर्वसाधारण स्थिती अशी की, दुकानावर एक संगणक, वखारीत दुसरा आणि घरी मुलाबाळांचा तिसरा. तिन्ही निरनिराळ्या वर्षी घेतलेले आणि निरनिराळ्या माणसांनी बसवून दिलेले. एकावर मराठी टंक आहे, दुसऱ्यावर नाही. म्हणून दुकानातून धाडलेली मालाची यादी वखारीत उघडली की अक्षरांऐवजी चौकटी दिसतात. एक यंत्र अद्ययावत, तर दुसऱ्याची अपडेटे वर्षानुवर्षे राहून गेलेली. मग ती सारी एकदम उतरू लागतात, तीही नेमकी महिन्याच्या ११ किंवा २० तारखेला. मासिक जीएसटी विवरणपत्रांच्या या तारखा कोणत्याही अपडेटासाठी थांबत नाहीत.

यावर उपाय एकच. सेटअप एकदाच आपल्या गरजेप्रमाणे बेतून घ्यावे, अपडेटे त्यातच घालून ठेवावीत आणि त्याच एका गाठोड्यातून सर्व यंत्रांवर प्रणाली बसवावी.

ही कल्पना नवी नव्हे. ऑफिस २००३ च्या काळी सेटअपची एक मूळ प्रत सामायिक फोल्डरात उतरवून तिच्यावरच सर्व्हिस पॅक चढवीत असत. ऑफिस २००७ पासून पद्धत बदलली. सेटअपच्या फोल्डरात ‘अपडेट्स’ नावाचा एक रिकामा फोल्डर असे. सर्व्हिस पॅक उलगडून त्यातील फाइली तेथे ठेवल्या म्हणजे प्रणाली बसतानाच अद्ययावत होई. मात्र हा फोल्डर पहिल्या बसवणुकीपुरताच कामाचा असे. प्रणाली बसून गेल्यावर त्यात कितीही फाइली टाकल्या तरी उपयोग नसे, आणि पुष्कळ ठिकाणी याच बाबतीत गैरसमज होत असे. घाऊक परवाना घेणाऱ्यांस याखेरीज बेतण्याचे एक साधनही मिळे. कोणता विभाग बसवावा, कोणता गाळावा, फाइल कोणत्या स्वरूपात जतन व्हावी, हे त्यात आधीच ठरवून देता येई. प्रत्येक विभागापुढे ‘प्रथम वापराच्या वेळी बसवावा’ असाही एक पर्याय असे. जागा वाचते म्हणून तो अनेकांस आवडे. पण पुढे सहा महिन्यांनी मुनीमजींनी तो विभाग उघडला की यंत्र मूळ डिस्क मागे, आणि डिस्क कोठे ठेवली ते कोणास आठवत नसे. जे हवे ते पूर्ण बसवावे, नको ते मुळीच बसवू नये, हीच रीत आम्हांस बरी वाटते.

ऑफिस २०१९ पासून हा सारा प्रकार मागे पडला. आता मायक्रोसॉफ्ट कंपनी ‘ऑफिस डिप्लॉयमेंट टूल’ नावाचे साधन विनामूल्य देते. एका लहानशा मजकूर-फाइलीत आपली मागणी लिहावयाची : परवाना कोणत्या प्रकारचा, कोणते कार्यक्रम वगळावयाचे, भाषा कोणत्या. भाषांत इंग्रजी प्रथम लिहून मराठी व कानडी मागाहून जोडाव्यात. मग चांगली इंटरनेट लाइन असेल तेथे बसून एकदाच सर्व माल उतरवून घ्यावा. जो उतरतो तो त्या दिवसापर्यंत अद्ययावतच असतो. सर्व्हिस पॅक वेगळे चढवावे लागत नाहीत. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन वखारीत गेले की तेथे इंटरनेटचा वेग मंद असला तरी काम अडत नाही. पुढील अपडेटेही दुकानातील सामायिक फोल्डरातूनच घ्यावीत, असे त्याच फाइलीत सांगता येते. अर्थात बांधून ठेवलेले हे गाठोडे शिळे होते. सुरक्षेची अपडेटे बहुधा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात; तेव्हा तुरीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ते नव्याने बांधून, प्रथम एकाच यंत्रावर पारखून घ्यावे.

टंकाविषयी दोन शब्द. जुनी बिले युनिकोडपूर्व टंकांत असतील तर ऑफिस कितीही नीट बसविले तरी तो टंक प्रत्येक यंत्रावर निराळा घालावाच लागेल. नवीन लिखाण मात्र युनिकोडमध्येच करावे. विंडोजबरोबर येणाऱ्या ‘निर्मला यूआय’ या एकाच टंकात देवनागरी आणि कानडी या दोन्ही लिपी आहेत, आणि आपल्या सीमाभागास ही सोय फार मोलाची आहे.

आता मुदतीचा व परवान्याचा विचार. ऑफिस २०१० ची अपडेटे १३ ऑक्टोबर २०२० रोजी थांबली. ऑफिस २०१६ व २०१९ यांची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. ऑफिस २०२१ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठरलेली आहे. मुदत संपलेली प्रणाली चालते खरी. परंतु परक्या माणसाने ईमेलने धाडलेले बिल तिच्यात उघडणे म्हणजे वखारीची कडी न लावता घरी जाणे होय. शिवाय, गाठोडे तयार आहे म्हणून ते शेजारच्या पेढीवरही बसवावे, असा मोह होतो. फोल्डराची नक्कल होते, परवान्याची होत नाही. प्रत्येक पेढीने आपला परवाना स्वतः घ्यावयाचा असतो.

ज्यांस तो खर्च जड वाटेल त्यांच्यासाठी लिब्रेऑफिस आहे. ते विनामूल्य असून त्याची प्रत सर्वांस खुशाल वाटता येते. त्याची प्रत्येक नवी आवृत्ती पूर्ण सेटअप म्हणूनच येते, म्हणजे अपडेटे त्यातच असतात. आणि बसविताना मराठी व कानडी या दोन्ही भाषा निवडता येतात. एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात, मात्र मॅक्रो असलेली प्रत्येक फाइल नीट चालेलच असे नाही. तेव्हा आपल्या कर सल्लागाराकडून येणारा तक्ता प्रथम एका यंत्रावर उघडून, बेरजा जुळतात की नाही हे पाहावे, आणि मगच बाकीच्या यंत्रांस हात लावावा.