एका दिवसाची पक्षी-वही

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत नाताळच्या सणाला एक विचित्र खेळ रूढ होता. मंडळी दोन गटांत विभागली जात, बंदुका घेऊन रानात शिरत आणि सायंकाळी ज्या गटाने अधिक पशुपक्षी मारून आणले असतील तो विजयी ठरे. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने सुचविले, की पक्षी मारण्याऐवजी मोजावेत. त्या वर्षी २५ डिसेंबरला २७ जणांनी २५ ठिकाणी गणना केली आणि सुमारे ९० जातींची नोंद झाली. चढाओढीची हौस तशीच राहिली; हातातली बंदूक मात्र गेली. एका दिवसात अधिकाधिक पक्षी ओळखण्याचा जो छंद आज ‘बिग डे’ या नावाने जगभर ओळखला जातो, त्याच्या पूर्वजांमध्ये या गणनेचे स्थान मोठे आहे.

या खेळाचे नियम जुन्या पेढीच्या हिशेबासारखे कडक आहेत. दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्री संपतो. पक्षी दिसला तरी चालतो, नुसता आवाज ओळखला तरी चालतो. परंतु अंदाजपंचे नोंद करता येत नाही. अमेरिकेतील नियमांनुसार नोंदलेल्या जातींपैकी ९५ टक्के जाती गटातील प्रत्येकाने स्वतः ओळखलेल्या असाव्या लागतात. तपासायला कोणी बरोबर नसते. सारा व्यवहार शब्दावर चालतो, म्हणून शंकास्पद नाव स्वतःहून खोडणाऱ्याची पत वाढते. आणखी एक अट आहे: पक्षी जिवंत, रानातला आणि मुक्त असला पाहिजे. पिंजऱ्यातला पोपट या वहीत जमा होत नाही.

जगातले उच्चांक थक्क करणारे आहेत. १९८२ साली टेड पार्कर आणि स्कॉट रॉबिन्सन यांनी पेरूच्या जंगलात मोटारीची मदत न घेता एका दिवसात ३३१ जाती नोंदविल्या. २०१५ साली इक्वेडोरमध्ये एका गटाने ४३१ चा आकडा गाठला. आपल्याकडे तेवढी उडी कशाला हवी? महाराष्ट्रात पाचशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत आणि नीट आखणी केली तर एका दिवसात शंभरी गाठणे अशक्य नाही.

पुण्याच्या परिसरात जानेवारी-फेब्रुवारीत असा दिवस आखायचा झाल्यास प्रारंभ अंधारातच करावा लागतो. सिंहगडाच्या पायथ्याशी रातव्याचा ठोके दिल्यासारखा आवाज आणि पिंगळ्याची कचकच कानी पडली की वहीतल्या पहिल्या दोन ओळी भरल्या. उजाडू लागताच ओढ्याकाठच्या झाडीत एकच गर्दी उसळते: दयाळ, हळद्या, नाचण, शिंपी, तांबट, सूर्यपक्षी, आणि नशिबात असेल तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक. या वेळी कान डोळ्यांपेक्षा अधिक कमाई करतात. येथे रेंगाळण्याचा मोह फार होतो आणि पुढचा दिवस बहुधा तोच बुडवतो. एका नर्तकाच्या दर्शनासाठी घालविलेला तास पाणथळीवरच्या दहा जातींना मुकवू शकतो. अर्थात, नर्तकाला पाहत तासभर बसून राहणाराच खरा पक्षिप्रेमी, असे कोणी म्हटले तर त्याचा प्रतिवाद करणे कठीण आहे.

पुढे सोलापूर रस्ता. लोणी काळभोरजवळच्या कवडी पाट येथे मुळा-मुठेचे पाणी काळपट आणि फेसाळ असते. तरीही शेकाट्या, वंचक, धोबी, खंड्या, चित्रबलाक त्यात उभे असतात. शहराने नदीत काय काय सोडले, ते त्यांच्या पायांशी तरंगत असते. तेथून भिगवण. पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, स्थानिक नावाडी पाहुण्यांना होडीतून फिरवतात. मासेमारीच्या जोडीला पक्षी दाखविण्याचा हा व्यवसाय येथे चांगला रुजला आहे, आणि जिवंत पक्ष्याचे मोल गावाला कसे कळते याचे ते बोलके उदाहरण आहे. गुलाबी झाक असलेले रोहित, जोडीने वावरणारे चक्रवाक, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, पाण्यावर सूर मारणारे सुरय: तास-दोन तासांत यादी झपाट्याने वाढते.

उन्हे कलू लागली की इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळ गाठावा. वरवर पाहता तेथे काहीच नाही, नुसते वाळलेले गवत. पण माळटिटवी, चंडोल, धाविक आणि गवतावरून अलगद तरंगत जाणारा भोवत्या यांना हेच घर हवे असते. सरकारी दप्तरात अशा माळांची गणना बऱ्याचदा पडीक जमिनीत होते, आणि ‘पडीक’ म्हटले की तेथे झाडे लावण्याची किंवा कारखाना काढण्याची घाई सुटते. माळढोकासाठी सोलापूर-नान्नज परिसरात १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. आज तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळावर झाडे लावणे हे नेहमीच पुण्यकर्म ठरत नाही, ही गोष्ट देणगी देणाऱ्या हातांनी आवर्जून लक्षात घ्यावी.

सूर्यास्तापूर्वी डबे उघडावे लागतात. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला त्यात काही वेगळे वाटणार नाही. बहुतेक पक्ष्यांचेही खाणे तेव्हाच आटोपलेले असते.

आकड्याच्या हव्यासाला मर्यादाही हवी. लपलेला पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाईलवर त्याच्याच जातीचा आवाज वारंवार वाजवला जातो. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो बिचारा घरटे सोडून झुंजायला धावतो. घरट्याजवळ जाणे, थव्यात होडी घुसवून पक्षी उडवणे, हीही हिंसाच. एक नाव कमी राहिले तरी चालेल.

जीवदयेच्या परंपरेलाही ही वही काही प्रश्न विचारते. चौकात हजारो पारवे दाणे टिपत असले तरी यादीत त्यांची ओळ एकच. पर्वाच्या दिवशी पिंजऱ्यातील मुनिया किंवा पोपट विकत घेऊन सोडण्यामागचा भाव निर्मळ असतो. परंतु पैसे मिळतात म्हणून पारधी पुन्हा जाळे लावतो, आणि पकडताना व नेताना कित्येक पक्षी दगावतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे देशी पक्षी विकणे व बाळगणे गुन्हा आहे. अशा वेळी खरेदी न करता वनविभागाला कळवणे अधिक अहिंसक.

हौशी मंडळींच्या नोंदी वाया जात नाहीत. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला आणि त्यांतील १७८ जातींकडे तातडीने लक्ष देण्याची गरज असल्याचे दिसून आले. त्याचा आधार सामान्य पक्षिनिरीक्षकांनी ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर भरलेल्या याद्या हाच होता.

ज्यांना पहाटे चारला गाडी काढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी फेब्रुवारीतील ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ आहे. चार दिवसांत केव्हाही, निदान पंधरा मिनिटे, आपल्या गच्चीतून वा दुकानाच्या पायरीवरून दिसतील ते पक्षी मोजायचे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांनी त्याची दोन टोके बांधली आहेत. दिवाळीची सुटी बहुधा त्याच्याच आगेमागे येते. मुलांच्या हाती एक वही, एक पेन्सिल आणि साधी दुर्बीण दिली तरी पुरे. पहिल्या दिवशी कावळा, चिमणी, साळुंकी, घार, बुलबुल, पोपट, होला एवढीच नावे जमतील. आठवे नाव शोधायला मुले स्वतःच लवकर उठतात.