गाडी जास्त गॅस पिऊ लागली, तर दोष ऑक्सिजन सेन्सरचाच का?



या सदरात बहुधा रक्तदाब, मधुमेह नाहीतर निवृत्तीच्या बचतीविषयी लिहिले जाते. मी डॉक्टर नाही आणि हिशेबनीसही नाही, साधा इंजिनियर आहे. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या जुन्या गाडीने जो धडा दिला तो खिशाचाही होता आणि तब्येतीचाही, म्हणून हा लेख.

आमच्या घरी एक वही आहे. गॅस भरला की किती मैल झाले आणि किती गॅलन लागला, याची नोंद सौ. त्यात करते. मी तिची थट्टा करायचो. नोव्हेंबरात ती म्हणाली, "अहो, गाडी गॅलनला २८ मैल जायची, ती आता २२ वर आलीय." मी थंडीवर ढकलून मोकळा झालो. मग हिशेब केला. वर्षाला १२,००० मैल धरले तर ११७ गॅलन जास्त. गॅलनला साडेतीन डॉलर धरले, तरी वर्षाला ४०० डॉलर धुराबरोबर जाणार!

पुढच्याच आठवड्यात 'चेक इंजिन'चा दिवा लागला. गॅरेजमध्ये कोड निघाला पी ०१७१. "मिश्रणात गॅस कमी पडतोय. ऑक्सिजन सेन्सर गेला," असे सांगून त्यांनी तो बदलला. बिल २८० डॉलर. दहा दिवसांत दिवा पुन्हा लागला. आता म्हणे मागचा सेन्सरही बदला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बदला, १,६०० डॉलर होतील. तेव्हा मात्र मी गाडी घरी आणली आणि आधी विषय समजून घ्यायचे ठरवले.

सेन्सर करतो काय?

पुण्यात स्कूटर जास्त पेट्रोल खाऊ लागली की कोपऱ्यावरचा मेकॅनिक आधी स्पार्क प्लग काढून बघायचा. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर हवा जास्त. मग स्क्रू थोडा फिरवून तो कार्बोरेटर जमवून द्यायचा. आजच्या गाडीत हेच काम ऑक्सिजन सेन्सर आणि कॉम्प्युटर मिळून अखंड करत असतात.

हा सेन्सर अंगठ्याएवढा असतो आणि एक्झॉस्टच्या नळीत बसवलेला असतो. गाडीत तो प्रथम १९७६ साली व्होल्वोने बॉशच्या मदतीने आणला. नेहमीच्या प्रकारात आत झिर्कोनियाची चिनीमातीसारखी टोपी असते. ती सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापली की धुरातल्या आणि बाहेरच्या हवेतल्या ऑक्सिजनची तुलना करून बारीकसा विद्युत दाब देते. गॅस जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त असेल तर ०.१ च्या आसपास. वजनाने एक भाग गॅसला १४.७ भाग हवा, हे प्रमाण राखण्यासाठी कॉम्प्युटर या आकड्यावर नजर ठेवून गॅस कमी-जास्त करत राहतो.

म्हणजे सेन्सर हा साक्षीदार आहे. त्याची साक्ष खरी असू शकते, तो स्वतः आजारी असू शकतो, किंवा त्याची कोणीतरी फसवणूक करत असेल. पी ०१७१ या कोडचा अर्थ एवढाच, की 'हवा जास्त आहे' असे ऐकून कॉम्प्युटर गॅस वाढवत गेला आणि मर्यादेला पोचला. त्यात सेन्सर खराब झाल्याचे कुठेही म्हटलेले नाही.

आमच्या गाडीचे काय झाले?

मंडळातल्या एका मित्राने दुसरा मेकॅनिक सुचवला. त्याने आधी स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' पाहिली. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के गॅस वाढवतो किंवा कमी करतो, तो हा आकडा. साधारण दहा टक्क्यांच्या आत असला तर ठीक. आमचा निघाला अधिक २२, आणि तोही गाडी जागेवर उभी असताना. इंजिनाचा वेग वाढवला की तो उतरत होता. मग त्याने विचारले, "सकाळी थंड गाडी चालू केल्यावर टकटक आवाज येतो का? गाडी तापल्यावर बंद होतो?" येत होता! आम्ही तो गाडीच्या म्हातारपणात जमा केला होता.

इंजिन जिथे एक्झॉस्टच्या नळीला जोडलेले असते, तिथली गॅस्केट फुटली होती. भोवती काजळीचा डाग होता. या फटीतून धूर बाहेर येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आतही ओढली जाते. पुढच्या सेन्सरला ती हवा दिसते, तो 'हवा जास्त' असे सांगतो, आणि कॉम्प्युटर बिचारा विनाकारण गॅस ओततो. जुना सेन्सर ठणठणीत होता आणि नवाही तीच साक्ष देत होता. गॅस्केटचे काम २४० डॉलरमध्ये झाले. एप्रिलपर्यंत वहीत पुन्हा २८ आकडा आला. कन्व्हर्टर आजही मूळचाच आहे.

आता तब्येतीची गोष्ट. त्या दिवसांत आई पुण्याहून आली होती. गाडीत बसले की डोके दुखते, असे ती म्हणायची. आम्ही म्हटले जेट लॅग असेल, हीटरची गरम हवा असेल. मेकॅनिकने सांगितले, की ही गळती कन्व्हर्टरच्या आधी आहे, म्हणजे धूर शुद्ध न होताच बाहेर पडतो आणि हीटरच्या हवेबरोबर गाडीत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. आईचे डोके त्यानेच दुखत होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण दुरुस्तीनंतर तिची तक्रार थांबली. ४०० डॉलरचे मला पुढे काही वाटले नाही, पण तिचे बोलणे आम्ही हसण्यावारी नेले याचे मात्र वाटते.

सेन्सर खरोखरच गेला आहे, हे कसे ओळखावे?

सेन्सर खराब होतातच, आणि झाले तर गॅसचे नुकसान मोठे असते. जुना सेन्सर सुस्त होतो. इंजिन तेल किंवा कूलंट जाळू लागले तर त्यावर थर बसतो. तेव्हा पुढील क्रमाने जावे.

१. आधी साध्या गोष्टी पाहा. टायरमधली हवा, घासत राहणारा ब्रेक, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट. इंजिन नीट तापलेच नाही तर गॅस जास्त लागतो.

२. कोड लिहून घ्या. १९९६ पासून अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे सॉकेट असते. साधा स्कॅनर स्वस्त मिळतो आणि सुट्या भागांची बरीच दुकाने कोड फुकट वाचून देतात. पी ०१३३ म्हणजे पुढचा सेन्सर सुस्त. पी ०१३५ म्हणजे त्याच्या हीटरची जोडणी. तिथे फ्यूज आणि वायरही पाहाव्या.

३. गाडी तापल्यावर, इंजिन २,५०० फेऱ्यांवर ठेवून पुढच्या सेन्सरचा आकडा पाहा. तो ०.१ ते ०.९ व्होल्ट असा भराभर वरखाली व्हायला हवा. एका जागी चिकटला किंवा रेंगाळला तर शंका घ्या. मागच्या सेन्सरचा आकडा मात्र बराचसा स्थिर असावा. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, त्याला हे आकडे लागू नाहीत. तिथे फ्युएल ट्रिमच पाहावी.

४. मेकॅनिकला परीक्षा घ्यायला सांगा. इंजिनाच्या हवेत थोडा प्रोपेन सोडला की आकडा लगेच ०.९ कडे जावा, आणि व्हॅक्यूमची एक नळी काढली की लगेच खाली यावा. जो सेन्सर दोन्ही वेळा चटकन उत्तर देतो, तो चांगला आहे. मग गळती शोधा.

पैशाचे दोन शब्द

तपासणीसाठी एक तासाची मजुरी द्यावी लागली तर खुशाल द्या, पण "कोणती चाचणी केली आणि आकडा किती आला?" हे जरूर विचारा. दिवा लागलेला असताना महिनोन्‌महिने गाडी चालवू नका. जादा गॅसने कन्व्हर्टर तापून खराब होतो, आणि तो बदलण्याचा खर्च हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. गाडी ८ वर्षे किंवा ८०,००० मैल यांच्या आत असेल, तर कन्व्हर्टर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर यांना केंद्र सरकारच्या नियमाने वॉरंटी असते. पाकिटातून पैसे काढण्यापूर्वी डीलरला विचारा.

आणि हो, गॅसची एक वही घरात ठेवा. आमच्याकडे दिवा लागण्याच्या आधी वहीने सांगितले होते. आता मी थट्टा करत नाही, पेन शोधून देतो.