छंद जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा

जुनी नाणी, तिकिटं, घड्याळं जमवणारी माणसं तुमच्या ओळखीत असतील. मी जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवतो म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे केर काढायचं यंत्र?" हो, तेच. माझ्याकडे अकरा आहेत. या छंदाला जागा लागते आणि घरच्यांचा समजूतदारपणा त्याहून जास्त लागतो.

शहाबादी फरशीच्या घरात केरसुणी पुरेशी होती, त्यामुळे आपल्याकडे हे यंत्र उशिरा रुळलं. १९८२ नंतर युरेका फोर्ब्सचे टायवाले विक्रेते दारोदार फिरू लागले, तेव्हा कुठे ते मध्यमवर्गीय घरात शिरलं. युरोप-अमेरिकेत मात्र गालिचे आणि जाड पडदे. झाडलं की धूळ उडून पुन्हा तिथेच बसणार. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने १९०१ मध्ये धूळ खेचून घेणारं यंत्र केलं. ते घोडागाडीवर रस्त्यात उभं राही आणि लांब नळ्या खिडकीतून घरात सोडत. घरात मावणारं यंत्र केलं ते अमेरिकेतल्या ओहायोमधल्या जेम्स मरे स्पँगलर या सफाई कामगाराने. झाडताना त्याला दम्याचा त्रास होई. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडला. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि त्याचे हक्क हूवर नावाच्या चामड्याच्या वस्तू करणाऱ्या व्यावसायिकाने घेतले.

यंत्र धूळ ओढतं असं आपण म्हणतो. खरं तर आतला पंखा हवा बाहेर फेकतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा धुळीसकट आत घुसते. जुनं यंत्र हाती आलं की मी पहिल्यांदा पंखा कुठे आहे ते पाहतो. हूवरच्या जुन्या उभ्या यंत्रांत धूळ आधी पंख्यातून जाते आणि मग पिशवीत पडते. त्यामुळे खिळे, नाणी, बटणं यांचे टवके पात्यांवर उमटलेले असतात. आडव्या यंत्रात पिशवी आधी आणि पंखा नंतर; तिथे पाती स्वच्छ असतात. टवके असलेला पंखा घासून गुळगुळीत करणारे लोक मला आवडत नाहीत. त्या घराची सगळी हकिगत त्यावर असते.

माझ्या संग्रहातलं सर्वांत देखणं यंत्र म्हणजे इलेक्ट्रोलक्सचं मॉडेल ३०. लुरेल गिल्ड यांनी आखलेलं हे मॉडेल १९३७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. आगगाडीच्या इंजिनासारखं लांबट, खाली चाकांऐवजी घसरपट्ट्या. शेजारच्या काकूंनी ते माळ्यावरून काढून दिलं. साठच्या दशकात काका तिकडे शिकत असताना त्यांनी ते जुनंच विकत घेतलं होतं. काकूंची अट एकच होती : "चालू झालं की मला बोलव. आवाज ऐकायचाय."

मी उत्साहात सरळ आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात वायर खुपसली. पोटाखालच्या पट्टीवर ११५ व्होल्ट लिहिलं होतं, ते वाचलंच नाही. मोटर किंचाळली, ठिणग्या उडाल्या आणि जळक्या वासाने घर भरलं.

म्हणून सांगतो. जुनं यंत्र आधी उलटं करून पट्टी वाचा. कापडी वेष्टणाची वायर वाकवून पाहू नका, आतलं रबर कडक होऊन फुटलेलं असतं. मोटरचे कार्बन ब्रश काढून पाहा. अमेरिकेतलं यंत्र असेल तर योग्य क्षमतेचा, व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि हे सगळं जाणकार वायरमनच्या समोर करा.

मोटर मी पेठेतल्या एका रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. तो म्हणाला, "नवी तार भरून चालू करून देतो साहेब. पण मग ही मूळची मोटर राहणार नाही." संग्राहकाच्या हिशेबाने ती जळकीच ठेवायला हवी होती. दोन आठवडे मी ती तशीच ठेवलीही. मग काकूंची अट आठवली आणि तार भरून घेतली. जुनी जळकी तांब्याची तार एका डब्यात घालून यंत्राशेजारी ठेवली आहे.

ट्रान्सफॉर्मर लावून यंत्र सुरू केलं, तेव्हा काकू खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आवाज जरा बारीक झालाय रे. पण तोच आहे."