विजेचा पत्ता कसा लागतो?

● वीज कडाडते तेव्हा रेडिओ लहरीही निघतात. ३ ते ३० किलोहर्ट्झच्या अतिनीच वारंवारता पट्ट्यात त्यांचा जोर मोठा असतो.

● या लहरींची लांबी १० ते १०० किलोमीटर. जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) यांच्यामधून त्या हजारो किलोमीटर जातात.

● दिशा शोधायला तारेची दोन उभी वेटोळी काटकोनात बसवतात. दोन्हींतल्या संकेतांच्या गुणोत्तरावरून कोन मिळतो. लहर समोरून आली की मागून, हे वेगळ्या उभ्या अँटेनामुळे कळते.

● दोन केंद्रांच्या दिशारेषा छेदतात, तिथे वीज.

● ब्रिटनमध्ये रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी १९२०च्या दशकात विजांचा असा माग काढला. १९३५मध्ये ते रडारकडे वळले.

● आता अनेक केंद्रांवर लहर पोहोचण्याच्या वेळेतला फरक मोजून विजेची जागा ठरवतात. एका मायक्रोसेकंदात लहर सुमारे ३०० मीटर जाते.